सरपंचाचं मानधन आणि नळवाल्याचं किमान वेतन: एका ग्रामसभेचा हिशोब

गाव यवतमाळ जिल्ह्यातलं. लोकसंख्या १,८००, शिवारात पऱ्हाटी, तूर आणि सोयाबीन. गावाचं नाव देत नाही, कारण हे एकट्या गावाचं चित्र नाही. या आकाराच्या ग्रामपंचायतींत जे सर्रास दिसतं ते एका गावाच्या नावे मांडलं आहे, आणि गावातले आकडे हिशोबाला सोपे जावेत म्हणून गोल केले आहेत. कायदे, सरकारी निर्णय आणि त्यांच्या तारखा मात्र खऱ्या आहेत.

प्रसंग १ मे २०२५ च्या ग्रामसभेचा. विषयपत्रिकेवर टंचाई आराखडा होता, पण एका तरुणाने ठराव लिहूनच आणला होता. त्यात तीन मागण्या: खासदार-आमदारांची वेतनवाढ रद्द करावी अशी शासनाला शिफारस, सरपंच-उपसरपंचांनी वाढीव मानधन नाकारावं, आणि त्या पैशातून नळवाल्याला व शिपायाला किमान वेतन द्यावं. मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी, तितकी गणपूर्ती लागते. ती त्या दिवशी सहज झाली. टंचाईपेक्षा पगाराला गर्दी जास्त.

"आमदाराचा पगार वाढते, सरपंचाचा वाढते, आमची पानीपट्टी बी वाढते. मंग नयवाल्याचाच काऊन नाई वाढत?" हा सभेतला प्रश्न. प्रश्न बरोबर आहे. त्याला जोडलेलं उत्तर, म्हणजे एकाचं काढून दुसऱ्याला द्या, ते मात्र हिशोबात बसत नाही. का बसत नाही आणि मग काय बसतं, हे या प्रकरणात पाहायचं आहे.

राग कुठून आला

दोन निर्णय ताजे होते. पहिला दिल्लीचा. २४ मार्च २०२५ च्या अधिसूचनेने खासदारांचं वेतन महिना १,००,००० वरून १,२४,००० रुपये झालं, दैनिक भत्ता २,००० वरून २,५०० आणि माजी खासदारांचं निवृत्तिवेतन २५,००० वरून ३१,००० झालं. लागू १ एप्रिल २०२३ पासून. म्हणजे नुसत्या वेतनाचा फरक २४ महिन्यांचा ५,७६,००० रुपये प्रत्येकी. या गावाच्या ग्रामपंचायतीचं अख्ख्या वर्षाचं स्वतःचं उत्पन्न ३,७०,००० आहे.

दुसरा मुंबईचा. सप्टेंबर २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने सरपंच-उपसरपंचांचं मानधन दुप्पट केलं. २,००० पर्यंत लोकसंख्येच्या गावात सरपंचाचं ३,००० वरून ६,००० आणि उपसरपंचाचं १,००० वरून २,००० झालं.

या गावची सरपंच राखीव जागेवर निवडून आलेली भूमिहीन बाई. निंदणाला, वेचणीला आजही जाते. पंचायत समितीच्या बैठकीला गेलं की मजुरीचा दिवस बुडतो. सभेत ती एवढंच म्हणाली, "माह्या मानधनावर डोया ठेवता, तं मी बी मजूरच हावो ना." निंदणाची मजुरी दिवसाला अडीचशे धरली तर सहा हजार म्हणजे चोवीस दिवस. जुन्या तीन हजारांत बारा. गावकीची कामं बारा दिवसांत उरकत नाहीत. लोकप्रतिनिधीला पैसे का द्यायचे याचं उत्तर इथे दिल्लीपेक्षा स्वच्छ दिसतं: दिले नाहीत तर सरपंच फक्त पोटापाण्याची चिंता नसलेलाच होईल.

नळवाल्याच्या हातात तेव्हा महिन्याला ८,००० रुपये पडत होते. त्यातले ६,००० शासनाच्या हिश्शाचे, थेट खात्यात. २,००० ग्रामपंचायतीचे, तेही दोन-तीन महिन्यांनी एकदम. शिपायाचं तसंच, तोच सफाई करतो, तोच दिवाबत्ती पाहतो.

ठरवतं कोण, भरतं कोण

खासदारांचं वेतन संविधानाच्या कलम १०६ प्रमाणे संसद कायद्याने ठरवते, आमदारांचं कलम १९५ प्रमाणे विधानमंडळ. घेणारे आणि ठरवणारे एकच, हा आक्षेप जुना आहे. त्यावर तोडगा म्हणून २०१८ च्या वित्त अधिनियमाने खासदारांचं वेतन आयकराच्या महागाई निर्देशांकाला जोडलं आणि दर पाच वर्षांनी ते आपोआप सुधारेल असं ठरवलं. हिशोब कुणीही करून पाहावा. २०१८-१९ चा निर्देशांक २८०, २०२३-२४ चा ३४८. ३४८ ला २८० ने भागा, १.२४ येतं. एक लाखाचे एक लाख चोवीस हजार तिथून आले. महाराष्ट्रात २०१६ च्या पावसाळी अधिवेशनात आमदारांचं वेतन प्रधान सचिवाच्या वेतनाला जोडलं गेलं. अधिकाऱ्याचं वाढलं की ते सरकतं.

म्हणजे "स्वतःच स्वतःचा पगार वाढवून घेतला" हे २०२५ च्या वाढीपुरतं अर्धंच खरं. वाढ सूत्राने झाली. पण सूत्र कुणी लिहिलं, तर त्यांनीच. आणि असं सूत्र नळवाल्यालाही आहे, ही गोष्ट सभेत कुणी बोललं नाही.

राज्यात ग्रामपंचायत कर्मचाऱ्यांचे किमान वेतनाचे दर स्वतंत्र अधिसूचनेने ठरतात. या हिशोबाच्या वेळी लागू होती ती ऑगस्ट २०२० ची. त्यात परिमंडळ, म्हणजे दर ठरवण्यासाठी पाडलेले गावांचे गट, आणि कुशल, अर्धकुशल, अकुशल अशी वर्गवारी आहे. मूळ दरावर विशेष भत्ता, ज्याला कर्मचारी राहणीमान भत्ता म्हणतात, तो किंमत निर्देशांकावरून दर सहा महिन्यांनी, जानेवारीत आणि जुलैत, कामगार आयुक्तालय जाहीर करतं. १९४८ च्या किमान वेतन अधिनियमात मूळ दराचा फेरविचार पाच वर्षांच्या आत करावा असं होतं. सूत्र आहे, निर्देशांक आहे, पाच वर्षांची मुदत आहे. दर सहा महिन्यांनी हलणारं सूत्र तर खासदारांनाही नाही.

फरक पैसे कुठून येतात त्यात आहे. खासदाराचं सुधारलेलं वेतन संचित निधीतून, म्हणजे केंद्राच्या मुख्य तिजोरीतून निघतं. कुठल्या तालुक्याची करवसुली किती झाली हे कुणी विचारत नाही. नळवाल्याच्या मूळ दरातला शासनाचा हिस्सा गावच्या लोकसंख्येवर आणि करवसुलीच्या टक्क्यावर ठरतो. उरलेला मूळ दर आणि सगळा विशेष भत्ता ग्रामपंचायतीने स्वनिधीतून द्यायचा. सूत्र राज्याचं, बिल गावाचं. २०२० चे दर जाहीर झाल्यावरही शासनाचा हिस्सा त्या दराने मिळायला उशीर लागला आणि मधल्या काळाच्या थकबाकीसाठी कर्मचारी संघटना मोर्चे काढत राहिल्या. वऱ्हाडात तर हे नेहमीचंच: हिवाळी अधिवेशन नागपुरात भरलं की यशवंत स्टेडियमवरून निघायचं आणि मॉरिस कॉलेजच्या टी-पॉइंटला अडायचं.

टक्क्यांचा फसवा खेळ

सभेत "त्यांचं चोवीस टक्के वाढलं, आपलं किती?" असंही झालं. हा वाद टक्क्यांत घालू नये. महाराष्ट्रात मनरेगाची मजुरी २०१८-१९ मध्ये दिवसाला २०३ रुपये होती, २०२३-२४ मध्ये २७३. म्हणजे त्याच पाच वर्षांत ३४ टक्के वाढ, खासदारांच्या २४ पेक्षा दहाने जास्त. पण २०३ चे ३४ टक्के म्हणजे जेमतेम ७० रुपये आणि लाखाचे २४ टक्के म्हणजे २४,०००. टक्का बोलणाऱ्याच्या सोयीचा असतो. तक्ता रुपयांत मांडावा.

(अमेरिकेत तर दोन्ही आकडे एकाच वर्षी गोठले. तिथल्या संसद सदस्याचं वार्षिक वेतन १,७४,००० डॉलर आणि केंद्रीय किमान वेतन ताशी ७.२५ डॉलर, दोन्ही २००९ पासून तेच. लोकप्रतिनिधीचा पगार रोखला की मजुराचा वाढतो असं काही नाही, याला याहून चांगला दाखला सापडणार नाही.)

गावचा तक्ता

ग्रामपंचायत अधिकाऱ्याने, गावात अजून ग्रामसेवकच म्हणतात, पुढच्या पंधरा दिवसांत नमुना ८ (कर आकारणीची वही), नमुना ९ (कर मागणीची वही) आणि रोकड वही समोर घेऊन हे आकडे काढले. २०२४-२५ ची चालू मागणी: घरपट्टी १,७०,००० आणि पाणीपट्टी ३०० नळांची महिना ६० रुपयांनी २,१६,०००. मागची थकबाकी २,१०,०००. एकूण मागणी ५,९६,०००. वसूल ३,१०,०००, म्हणजे ५२ टक्के. बाजार आणि इतर किरकोळ उत्पन्न ६०,०००. स्वनिधी एकंदर ३,७०,०००.

खर्चाची बाजू अशी: विहिरीवरच्या मोटारीचं आणि पथदिव्यांचं वीजबिल १,१०,०००, मोटार भरणं, पाइप, व्हॉल्व्ह ६०,०००, पाणी शुद्ध करायची टीसीएल पावडर १२,०००, स्वउत्पन्नातून मागासवर्गीयांसाठी १५ टक्के, महिला-बालकल्याणासाठी १० आणि दिव्यांगांसाठी ५, असे ३० टक्के राखीव खर्चाचे १,११,०००, दोन कर्मचाऱ्यांना मिळून ४८,०००, मानधनातला गावाचा वाटा, कागद, प्रवास वगैरे २९,०००. शिल्लक शून्य.

आता किमान वेतन. नेमका दर सहायक कामगार आयुक्त कार्यालयाच्या चालू पत्रकावरून घ्यायचा, शेजारच्या गावाच्या तोंडी आकड्यावरून नव्हे. परिमंडळ वेगळं असू शकतं आणि सगळ्यात जास्त चुका तिथेच होतात. दुसरी नेहमीची चूक वर्गवारीची. मोटार चालवणारा, स्टार्टर दुरुस्त करणारा माणूस सरसकट अकुशल दाखवला जातो. या गावाने तूर्त अकुशलच धरला आणि हिशोबापुरता मूळ दर ११,६०० व विशेष भत्ता २,००० घेतला. एकूण १३,६००. शासनाचे ६,००० वजा जाता ग्रामपंचायतीने द्यायचे ७,६००. देत होती २,०००. तूट माणशी महिना ५,६००, दोघांची वर्षाची १,३४,४००.

इथे ठरावातल्या दुसऱ्या मागणीची परीक्षा होते. सरपंच आणि उपसरपंचांचं सगळं मानधन, वाढच नव्हे तर पूर्ण, बंद केलं तरी वर्षाचे ९६,००० होतात. तूट त्यानेही भरत नाही. शिवाय मानधनाचा मोठा वाटा शासनाकडून येतो. सरपंचाने नाकारला तर तो नळवाल्याकडे वळत नाही, तिजोरीतच राहतो. मानधन ठरवणं वा कापणं ग्रामसभेच्या हातातही नाही. आमदार निधीतून द्या, अशीही एक सूचना आली. तो निधी आणि खासदार निधी कामांसाठी, मालमत्ता उभी करण्यासाठी असतो. पगाराला चालत नाही. पंधराव्या वित्त आयोगाचे पैसेही वेतन आणि आस्थापनेवर खर्च करता येत नाहीत, बंधित (ठरावीक कामांसाठीचे) असोत वा अबंधित.

ग्रामपंचायतीचा बचाव आणि त्याची किंमत

ग्रामपंचायतीकडून अशा वेळी दोन उत्तरं ठरलेली असतात. एक, कर्मचाऱ्यांवरचा खर्च उत्पन्नाच्या ३५ टक्क्यांच्या वर नेता येत नाही. या गावात ३,७०,००० चे ३५ टक्के १,२९,५००. द्यायला लागतात १,८२,४००. म्हणून हात वर. पण सध्या दिले जातात ४८,०००. मर्यादेचं कारण १,२९,५०० च्या पुढे चालेल, अलीकडे नाही. आणि ऐपत नाही हा किमान वेतनाच्या दाव्यात बचाव होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९५५ मध्ये बिजय कॉटन मिल्सच्या प्रकरणात मालकाची अडचण हे कारण मान्य केलं नाही, आणि १९८३ मध्ये राजस्थानच्या दुष्काळी कामांवरच्या मजुरांबद्दल सरकारलाच सांगितलं की किमान वेतनापेक्षा कमी देऊन काम घेणं म्हणजे संविधानाच्या कलम २३ खालची वेठबिगारी. तिथे तर काम मदत म्हणून काढलेलं होतं.

दुसरं उत्तर, "तो दोनच तास पाणी सोडतो." हे तपासायला आकडेमोड पुरते. जलजीवन मिशनचा निकष माणशी दिवसाला ५५ लिटर. १,८०० लोकांना ९९,००० लिटर. टाकी ५०,००० लिटरची, म्हणजे दोनदा भरायची. पाच अश्वशक्तीची मोटार तासाला सुमारे १८,००० लिटर चढवते. एका टाकीला पावणेतीन तास, दोन टाक्यांना साडेपाच. चार भाग, प्रत्येक भागाला ४० मिनिटं व्हॉल्व्ह उघडा. त्यातले काही काम एकाच वेळी चालतं हे धरूनही टीसीएल, पाण्यात क्लोरीन उरलं का ते पाहायची ओटी चाचणी, गळती आणि शिवारातल्या विहिरीपर्यंतचे हेलपाटे मिळून आठ तास भरतात. विहीर कृषी वाहिनीवर असेल तर थ्री फेज कधी दिवसा, कधी रात्री. विजेची वाट पाहणं हेही कामच. १९४८ च्या कायद्याचं कलम १५ यासाठीच होतं: कामगार तयार आहे आणि काम मालकाच्या बाजूने कमी पडलं, तर पूर्ण दिवसाचं वेतन द्यायचं. साप्ताहिक सुटीचा तर विषयच कुणी काढत नाही, कारण बदली माणूस नाही.

हे सगळं खरं असलं तरी कागद नसेल तर उपयोग शून्य. नळवाल्याकडे हजेरी नव्हती. वीज केव्हा आली, मोटार केव्हा सुरू, केव्हा बंद, कोणत्या भागाला किती वाजता पाणी, ही साधी वही जूनपासून सुरू झाली. रोज सही नळवाल्याची, आठवड्याला ग्रामपंचायत अधिकाऱ्याची. दाव्यात सर्वांत आधी हीच मागितली जाते. पगाराची नोंद नमुना २१ मध्ये दरमहा हवी. दोन-तीन महिन्यांचे पैसे एकदम देऊन एकाच सहीवर उरकले की तुटीचा महिना सिद्ध करता येत नाही.

तेव्हाच्या कायद्याच्या कलम २० खाली दावा सहा महिन्यांच्या आत करायचा होता. म्हणजे एका माणसाला फार तर ३३,६०० रुपयांची तूट मागता आली असती, वर दहापटीपर्यंत भरपाईचा अधिकार प्राधिकाऱ्याला. दंडाची तरतूद ५०० रुपयांची. १९४८ साली तो दंड होता, आता चहापाणी आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून वेतन संहिता, २०१९ लागू झाली. तिच्यात दाव्याची मुदत तीन वर्षं आणि कमी वेतनाबद्दल पहिल्या वेळचा दंड ५०,००० पर्यंत. तूट अशीच तीन वर्षं साचली तर ५,६०० गुणिले ३६, म्हणजे २,०१,६०० एकाचे, ४,०३,२०० दोघांचे. हा आकडा गावच्या वर्षभराच्या स्वनिधीपेक्षा मोठा आहे. मासिक सभेत सदस्य सर्वांत गंभीर झाले ते हा आकडा ऐकून. कणव वगैरे नंतर.

वसुली: कुठे अडते

५२ टक्क्यांवर थांबलेल्या वसुलीचं खापर लोकांच्या वृत्तीवर फोडणं सोपं आहे. वेळापत्रक पाहा. ३० सप्टेंबरपर्यंत घरपट्टी भरली तर पाच टक्के सूट मिळते. वऱ्हाडात सप्टेंबरइतका कोरडा महिना नाही: बियाणं, खत, निंदण, डवरण यांत पैसा गेलेला, सोयाबीन उभं, कापूस फुटायचाय. सूट घेतात ते शिक्षक आणि नोकरदार. घरात रोकड येते ती सोयाबीनची ऑक्टोबर-नोव्हेंबरात आणि कापसाची नोव्हेंबर ते जानेवारीत. वसुलीची मोहीम मात्र मार्चमध्ये निघते, जेव्हा पैसा सोसायटीच्या कर्जात, लग्नात आणि दुकानदाराच्या उधारीत गेलेला असतो.

दुसरी गोष्ट भाजकाची. न भरलेले २,८६,००० पुढच्या वर्षाच्या मागणीत मिसळले. २०२५-२६ ची मागणी झाली ६,७२,०००. आता नुसते ५२ टक्के राखायला ३,४९,००० हून जास्त वसूल करावे लागतात. गेल्या वर्षाइतकेच पैसे आणले तर टक्का ४६ वर घसरतो आणि टक्क्यामागोमाग शासनाचा हिस्सा.

क्रम असा ठरला. आधी सदस्यांची स्वतःची थकबाकी. मागणीचं बिल मिळाल्यापासून तीन महिन्यांत कर न भरणारा सदस्य महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १४ खाली अपात्र ठरू शकतो, हे सभेत वाचून दाखवल्यावर चौघांनी आठवड्यात भरलं. मग मोठे थकबाकीदार: नमुना ९ चाळला तेव्हा २२ घरांकडे निम्मी थकबाकी निघाली. त्यातले बरेच घर बंद करून शहरात गेलेले, काही भावाभावांच्या वाटणीत अडकलेले. अशांना त्याच कायद्याच्या कलम १२९ खाली बिल, मग नोटीस. जप्तीपर्यंत जायची वेळ तीनच घरांत येईल असं दिसतं. उरलेल्यांना हप्ते, कापूस विकल्यावर पहिला.

एक चूक सुरुवातीला झाली. नळवाल्यालाच पावती पुस्तक देऊन दारोदार पाठवलं. लोकांनी पाणीपट्टीला "त्याचा पगार" समजायला सुरुवात केली. ज्याचं त्याच्याशी पटत नाही त्याने भरली नाही, आणि एका आळीत पाणी कमी आलं तर त्याने मुद्दाम केलं अशी बोंब झाली. तीन आठवड्यांत ते थांबवलं. पुढची वसुली ग्रामपंचायत अधिकाऱ्याने शिपायाला सोबत घेऊन केली, जागेवर नमुना १० ची पावती देऊन. नळ तोडण्याची धमकीही सोडून दिली. उन्हाळ्यात तिचा उलट परिणाम होतो आणि पाणी तोडलेला माणूस शेजाऱ्याच्या नळावर भरतो.

७० टक्क्यांना काय होतं

लक्ष्य ७० टक्के का, तर आकडे तिथे जुळतात. ६,७२,००० चे ७० टक्के ४,७०,४००. किरकोळ ६०,००० धरून स्वनिधी ५,३०,४००. त्याचे ३५ टक्के १,८५,६४०, लागतात १,८२,४००. म्हणजे मर्यादेची अडचण जेमतेम सुटते. पण जास्त वसूल झालेले १,६०,४०० सगळे मोकळे नसतात. त्यातले ३० टक्के, ४८,१२० रुपये, राखीव खर्चाला जातात. उरतात १,१२,२८०. आधीचे ४८,००० मिळवले तरी १,६०,२८०. म्हणजे वसुली वाढूनही २२,००० कमी पडतात, आणि बहुतेक गावांचा हिशोब इथेच फसतो.

ती फट वीजबिलाने भरली. पाणीपुरवठ्याचं आणि पथदिव्यांचं बिल वित्त आयोगाच्या निधीतून भरायला राज्याने मुभा दिलेली आहे. ऑगस्टपासून १,१०,००० पैकी सुमारे ८०,००० चं बिल तिकडे टाकायचं ठरलं. पगार त्या निधीतून देता येत नाही, पण बिल देता येतं, आणि बिलातून सुटलेला स्वनिधी पगाराला मोकळा होतो. यासाठी विकास आराखड्यात तरतूद आधी करावी लागते. वर्ष संपताना आठवलं तर हुकलंच.

डिसेंबर २०२५ अखेर वसुली २,८४,००० झाली, ४२ टक्के. शासनाच्या हिश्शात फरक पडला तर तो पुढच्या वर्षी, कारण तो मागच्या वसुलीवर ठरतो. ग्रामपंचायतीने ऑक्टोबरपासून आपला वाटा २,००० वरून ४,५०० केला आणि तो महिन्याच्या सात तारखेपर्यंत द्यायचं मान्य केलं. नळवाल्याच्या हातात आता १०,५०० येतात. कायद्याच्या भाषेत अजूनही ३,१०० ची तूट आहे, आणि ती दावा करण्याजोगी आहे.

मूळ ठरावाचं काय झालं? पहिली मागणी, खासदार-आमदारांच्या वाढीबद्दलची, शिफारस म्हणून मंजूर होऊन पंचायत समितीकडे गेली. दुसरी मागे घेतली गेली. तिसरी दुरुस्त झाली: "सरपंचाच्या मानधनातून" हे शब्द खोडून "शासनाने विशेष भत्त्यातही हिस्सा द्यावा" हे घातलं. आमच्या मते संपूर्ण ठरावात वजनदार वाक्य तेवढं एकच आहे. दर सहा महिन्यांनी वाढणारा आकडा राज्य जाहीर करतं. त्यातला काही भारही राज्याने उचलला, तर १,८०० वस्तीच्या गावाला वीजबिलाची कसरत करावी लागणार नाही.

कसरतीचे दोन्ही पाय तात्पुरते आहेत. पंधराव्या वित्त आयोगाचा कालावधी २०२५-२६ बरोबर संपतो. वीजबिलाची सोय पुढे त्याच अटींवर राहते का हे नव्या आयोगाच्या निधीच्या अटी पाहून ठरेल. ऑगस्ट २०२० च्या मूळ दराला ऑगस्ट २०२५ मध्ये पाच वर्षं झाली. सुधारित मूळ दर ज्या दिवशी लागू होईल त्या दिवशी ११,६०० चा आकडा खोडून तक्ता नव्याने मांडायचा आहे. त्याआधी जानेवारी २०२६ पासूनच्या सहामाहीचा विशेष भत्ता येईल. ग्रामपंचायत अधिकाऱ्याने वहीत त्याचा रकाना आखून ठेवला आहे, आकडा भरायचा आहे.